गाडी मागं बसते, दिवा आभाळात जातो



गळीत हंगाम सुरू झाला की आपलं सगळ्यांचं फिरणं वाढतं. सकाळी तोडीवर, दुपारी गट ऑफिसात, संध्याकाळी सोसायटीत आणि रात्री पाण्याच्या पाळीवर. या साऱ्या फेऱ्या ज्या जनावराच्या जिवावर होतात, ते जनावर म्हणजे आपली मोटारसायकल. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याच दिवशी हळद-तेल लावतो. उसाच्या पानावर ठिपका दिसला तर शेतकी खात्याच्या माणसाला बांधावर बोलावतो. पण मोटारसायकलकडं मात्र ती बंद पडेपर्यंत कुणी बघत नाही.

हा लेख तिच्या देखभालीविषयी, आणि विशेष करून मागच्या शॉकॲब्झॉर्बरविषयी आहे. त्याला आपण सगळे शॉकअप म्हणतो, तेव्हा इथंही तोच शब्द वापरतो. हे लिहायला निमित्त घडलं, म्हणून लिहितो आहे.

घडलं ते असं

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्रीची वीज होती. मी आणि धाकटा मुलगा पाणी पाजायला निघालो. दोघांच्या मध्ये युरियाचं पोतं. गाडी शंभर सी.सी.ची, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. गाव सोडलं आणि दिवा रस्त्यावर पडेना. बाभळीच्या शेंड्यावर उजेड आणि चाकापुढं अंधार. समोरून येणारे लोक डोळ्यांवर हात धरून शिव्या देत होते. मला वाटलं, दिवाच बिघडला.

कॅनॉलच्या वळणावर उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. वाढे लोंबत होते, त्यांचीच सावली तेवढी दिसली. मी ब्रेक दाबला, मागचं चाक फरफटलं आणि गाडी चारीत गेली. ट्रॉली चार हात राहिली. माझा गुडघा फुटला, मुलाचं मनगट मुरगळलं, युरिया सगळा चारीत. यापेक्षा जास्त झालं नाही ही पांडुरंगाची कृपा.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडं नेली आणि ब्रेक बघायला सांगितला. त्यानं ब्रेक बघितलाच नाही. मला म्हणाला, "आण्णा, तुम्ही दोघं बसा बघू गाडीवर." आम्ही बसलो. तो मागं जाऊन वाकला आणि हसायला लागला. "ब्रेकचा दोष न्हाई आण्णा. गाडी मागं किती बसलीया बघा की. त्वांड वर करून चाललीया, मग दिवा आभाळातच जाणार." डाव्या बाजूचा शॉकअप पहिल्या पायरीवर होता, उजव्या बाजूचा तिसऱ्या. दोन वर्षं मी ती गाडी तशीच चालवत होतो.

शॉकअप म्हणजे काय

मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक शॉकअप असतो. त्यात दोन कामगार असतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि खड्डा गिळते. आतल्या नळीत तेल असतं, ते बारीक भोकातून इकडून तिकडं जातं आणि स्प्रिंगला उड्या मारू देत नाही. स्प्रिंग एकटी असती तर एका खड्ड्याला गाडी चार वेळा नाचली असती.

फार पूर्वी बहुतेक मोटारसायकलींना मागं असलं काही नसायचं. स्प्रिंग असायची ती सीटखाली. विलायतेत रॉयल एनफील्डची बुलेट १९४८ च्या सुमारास हलणाऱ्या मागच्या फोर्कसह आली. पुढं १९५५ साली मद्रासला तिचा कारखाना उभा राहिला. राजदूत, येझदी ही नावं आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलवर चालणारी हलकी गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली. एवढ्या गाड्या बदलल्या, पण मागचे दोन शॉकअप बहुतेकांना तेच राहिले.

पायऱ्या कशासाठी

शॉकअपच्या स्प्रिंगच्या टोकाशी एक गोल कडी असते. तिच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या कापलेल्या असतात, बहुतेक गाड्यांना पाच, काहींना सहा. कडी फिरवून वरच्या पायरीवर नेली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते.

इथं आपली एक गैरसमजूत आहे. पायरी वाढवली की स्प्रिंग कडक होते, असं आपण म्हणतो. स्प्रिंग तीच राहते, तिची ताकद वाढत नाही. फरक इतकाच की गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, आणि तेवढ्याच वजनाला ती कमी बसते. म्हणून पायरी ही वजनाप्रमाणं बदलायची गोष्ट आहे. एकटे असाल तर खालची पायरी, मागं माणूस किंवा सामान असेल तर वरची. एकट्यानं शेवटच्या पायरीवर गाडी चालवली तर प्रत्येक खड्डा कमरेत बसतो आणि चाक रस्ता सोडून उडतं.

घरी कसं करावं

एक माणूस मदतीला घ्या. एक टेप आणि एक खडू, बास.

गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी पाहिजे. मागच्या चाकाच्या एक्सलच्या नटापासून सरळ वर सीटखाली एका जागी खडूची खूण करा. दोन्हींमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून काढा, नेहमीचं वजन घेऊन बसा, पाय वर घ्या आणि मदतनिसाला गाडी धरायला सांगून तेच अंतर पुन्हा मोजायला लावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते.

हा फरक चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा. म्हणजे चाल ८० मि.मी. असेल तर २० ते २७ मि.मी. बसणं ठीक. त्याहून जास्त बसली तर एक पायरी वर न्या आणि पुन्हा मोजा. फारच कमी बसली तर एक पायरी खाली.

कडी फिरवायला गाडीच्या टूल किटमध्ये हुकासारखा वाकडा पाना येतो. नसेल तर दुकानातून आणा. स्क्रू-ड्रायव्हर लावून हातोडीनं ठोकू नका. कडीचे दात तुटतात आणि पाना सटकला तर हात कापतो. आधी चिखल धुऊन थोडं तेल सोडा. चाक अधांतरी असताना कडी सोपी फिरते. दोन्ही बाजू एकाच पायरीवर पाहिजेत, हे डोळ्यांनी बघून खात्री करा. माझ्यासारखी फसगत नको. एकच शॉकअप असलेल्या नव्या गाड्यांचं काम मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

शेवटच्या पायरीवर नेऊनही गाडी बसत असेल, तर एक तर स्प्रिंग थकली आहे, नाही तर वजन जास्त आहे. शंभर सी.सी.च्या बऱ्याच गाड्यांना एकूण १३० किलोच्या आसपासच वजन सांगितलेलं असतं. दोन माणसं १२५ किलोची धरली आणि वर युरियाचं ४५ किलोचं पोतं ठेवलं, तर हिशेब १७० वर जातो. पायरी वाढवून हा हिशेब मिटत नाही. त्या रात्री मी हाच गुन्हा केला होता.

तेल गेलेला शॉकअप ओळखावा कसा

सीट दोन्ही हातांनी जोरात खाली दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन एकदाच स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन वेळा झुलली तर आतलं काम संपलं. शॉकअपच्या दांड्यावर ओलसर तेल आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर सील फुटलं समजा. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला. एक बैल तरणा आणि एक म्हातारा, अशी जोडी चालत नाही. मागचं चाक आडवं हलवून बघा. खटखट झाली तर फोर्कचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं. ते काम पुढं ढकलू नये.

त्याच वेळी करायची बाकीची कामं

शॉकअपला हात घातलाच आहे तर पुढची कामं त्याच बैठकीत उरकावीत.

चेन: खालच्या बाजूला मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. बहुतेक साध्या गाड्यांत २० ते ३० मि.मी. ढील लागते, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात बघा. पूर्ण चेन-कव्हर असेल तर त्याला रबरी बुचाचं भोक असतं, तिथून तपासा. चाक फिरवून जिथं चेन सर्वांत ताठ होते तिथं मोजा. गाडी बसली की चेन आणखी ताठ होते, म्हणून तारेसारखी ओढून ठेवू नका, बेअरिंग जातं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाही तर चाक तिरकं बसतं.

ब्रेक: चेन ओढली की चाक मागं सरकतं आणि ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो. म्हणून चेननंतर ब्रेक पुन्हा लावलाच पाहिजे. पाय ठेवल्याबरोबर मागचा लाल दिवा लागतो का, तेही बघा.

हवा: सकाळी चाक थंड असताना भरा. एकट्याला किती आणि दोघांना किती, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दोघांना मागच्या चाकात जास्त हवा लागते.

दिवा: हे सगळं झाल्यावर शेवटी दिवा. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी न्या, नेहमीचं वजन घेऊन बसा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा खाली पडली पाहिजे. वर जात असेल तर दिव्याचा स्क्रू किंवा बोल्ट सैल करून तोंड खाली करा.

ऑईल: गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून काडीनं बघा. गाडी बदलली की बघायची रीतही बदलते, पुस्तक वाचा.

धुणं: जोराच्या पाण्याचा फवारा चेनवर आणि चाकाच्या मध्यावर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. काळ्या रानातून आलात तर मडगार्डमधला चिखल त्याच दिवशी काढा. वाळला की तो चाक धरतो.

पंढरीच्या वाटेवर

गुडघा बरा झाल्यावर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमची मंडळी, त्याच गाडीवरून पंढरपूरला जाऊन आलो. निघायच्या आदल्या दिवशी दोघं बसून माप घेतलं, दोन्ही शॉकअप चौथ्या पायरीवर नेले, हवा भरली, चेन बघितली, दिवा खाली केला. मिरजेवरून सांगोल्याच्या रस्त्याला लागलो. दर तासाला थांबून चेन आणि नट हातानं बघत गेलो. मागच्या वेळी याच वाटेवर मंडळींनी दोन दिवस कंबर शेकली होती. या वेळी घरी आल्यावर म्हणाल्या, "गाडी बदलली काय हो?" गाडी तीच होती. खर्च शून्य, वेळ दीड तास. परत आल्यावर पायरी पुन्हा दुसरीवर आणली आणि दिवाही तपासला, हे मुद्दाम सांगतो.

शेवटचं सांगणं

आपल्यातलेच काही सभासद ट्रॉलीवाले आणि गाडीवान आहेत. त्यांना हात जोडून विनंती: मागं रिफ्लेक्टर लावा, लोंबणाऱ्या वाढ्यानं तो झाकू देऊ नका, रस्त्यात थांबावं लागलं तर मागं माणूस उभा करून बॅटरी दाखवा, आणि निघताना चाकाला लावलेले दगड उचलून बाजूला टाका. माझा दिवा आभाळात होता ही माझी चूक. पण ट्रॉलीला लाल खूण असती, तर ती चूक चारीपर्यंत गेली नसती.

आणि मोटारसायकलवाल्या बंधूंनो, आज संध्याकाळी गाडी दारात लावाल तेव्हा एकदा मागं वाकून बघा. दोन्ही शॉकअप एकाच पायरीवर आहेत का? एवढं बघायला पैसे पडत नाहीत. उसाचं बिल दर हंगामाला येतं. ते घ्यायला घरचा माणूस धड घरी आला पाहिजे.

— आपला एक सभासद