जनित्र, निवासी वाहनातील : विद्युत् दाबाचे दोष

राहण्याची सोय असलेल्या मोठ्या मोटारगाडीत (उदा., कॅराव्हॅन, चित्रीकरणस्थळी वापरावयाची कलावंतांची व्हॅन इ.) गाडी उभी असताना वातानुकूलक, प्रशीतक, पंप, दिवे इ. उपकरणांना एका लहान एंजिनावर चालणाऱ्या जनित्रातून वीज पुरवितात. या जनित्राचा विद्युत् दाब कमी, अधिक वा अस्थिर होणे, हा नेहमी आढळणारा दोष होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यामुळे राज्यात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

अशा वाहनात दोन स्वतंत्र विद्युत् यंत्रणा असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. ठाणे शहरातील खोपट स्थानकातून सुटणाऱ्या राज्य परिवहनाच्या डीझेल बसगाडीत मुख्य एंजिनावर चालणारे जनित्र (कारागीर यालाच आल्टरनेटर म्हणतात) घटमाला भारित करते. तेथील दाब २४ व्होल्ट असून भारण चालू असताना तो सु. २८ व्होल्टपर्यंत जातो. निवासी वाहनात अशा यंत्रणेखेरीज घरगुती उपकरणांसाठी २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणारा) प्रवाह देणारा दुसरा संच असतो. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या संचासंबंधी आहे.

तत्त्व : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनावर जनित्राचे कार्य आधारलेले आहे. निर्माण होणारा दाब मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो : घूर्णकाचा (फिरणाऱ्या भागाचा) वेग व त्याच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता. कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) मात्र केवळ वेगावर व ध्रुवांच्या संख्येवर ठरते. ५० हर्ट्‌झसाठी दोन ध्रुवांच्या जनित्रास मिनिटाला ३,००० व चार ध्रुवांच्या जनित्रास १,५०० फेरे लागतात. यामुळे दाब व कंप्रता या दोन्ही राशी एकाच वेळी मोजल्यास दोष एंजिनात आहे की विद्युत् भागात, हे बहुधा कळते. चुंबकीय क्षेत्र स्थिर ठेवून इलेक्ट्रॉनीय मंडलाने कंप्रता ठरविणाऱ्या इन्व्हर्टर संचांना मात्र हा नियम लागू पडत नाही.

दोषनिदान : प्रथम सर्व भार काढून जनित्राच्या अग्रांवर मोजमाप करतात व नंतर एकेक उपकरण जोडत जातात. दाब व कंप्रता दोन्ही कमी असल्यास एंजिनाचा वेग कमी पडत आहे, असे समजावे. चोंदलेली हवा-गाळणी, अपुरा इंधन पुरवठा, बिघडलेला वेगनियंता अथवा अतिभार ही त्याची कारणे होत. समुद्रसपाटीपासूनची उंचीही विचारात घ्यावी लागते. साध्या एंजिनाची शक्ती दर १०० मी. उंचीमागे सु. १ टक्का घटते. त्यामुळे खोपट येथे पूर्ण भार पेलणारा संच सु. १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वर येथे वातानुकूलक सुरू होताच मंदावतो. अशा वेळी दुरुस्ती नव्हे, तर भार कमी करणे हाच उपाय असतो.

कंप्रता योग्य असून दाब कमी असल्यास दोष उत्तेजन मंडलात शोधतात. धारित्र-प्रकारच्या संचात धारित्र दुर्बळ झालेले असते किंवा घूर्णकावरील एकदिशकारक निकामी झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात ब्रश झिजणे, सर्पी कडी मळणे किंवा स्वयंचलित दाब-नियंत्रक बिघडणे ही कारणे असतात. दाब जवळजवळ शून्य असेल, तर दीर्घकाळ न वापरल्याने घूर्णकातील अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे झालेले असू शकते. ब्रश असलेल्या संचात नियंत्रकाच्या तारा सोडवून व ध्रुवता तपासून १२ व्होल्टची घटमाला क्षणभर जोडल्यास ते पुन्हा प्राप्त होते.

अग्रांवर दाब योग्य, पण उपकरणापाशी कमी असेल, तर जोडण्या तपासाव्यात. प्रवासातील कंपनांमुळे त्या सैल होतात व तापतात. लांब व बारीक तारांमुळेही दाब घटतो.

धोके व दक्षता : कमी दाबाने चलित्र (मोटर) अधिक प्रवाह घेऊन जळण्याचा संभव असतो. जादा दाब त्याहून घातक होय, कारण रोधकातील उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० टक्के जादा दाबाने ती ४४ टक्क्यांनी वाढते. म्हणून असा दाब आढळताच संच थांबवावा. नवीन धारित्र मूळच्याच मूल्याचे घ्यावे व जुन्यास हात लावण्यापूर्वी त्यातील विद्युत् भार काढून टाकावा. बाहेरील वीजपुरवठा व जनित्र एकाच वेळी जोडले जाऊ नयेत, यासाठी चेंजओव्हर स्विच आवश्यक असतो. चाचणी बंदिस्त जागेत कधीही करू नये. एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसल्याने गाडीत झोपलेल्या माणसांना त्याची चाहूलही लागत नाही.