नदीला विचारलेला प्रश्न

म्हैसूरच्या आग्नेयेस, सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, टी. नरसीपूर हे गाव आहे. येथे कपिला कावेरीला मिळते. गावाच्या तिरुमकूडलु या जुन्या नावातच संगमाचा अर्थ आहे. कन्नडमध्ये ‘कूडलु’ म्हणजे संगम. थोर व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांचा जन्म १८९५ साली येथलाच. व्हायोलिन युरोपातून आलेले वाद्य. पण चौडय्यांनी त्याच्या चार तारांना आणखी तीन तारांची जोड दिली आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत त्याचा नाद दूरवर पोहोचविला. दुसऱ्याकडून घेतलेली वस्तू आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा घडविणे, हाही ऋण मान्य करण्याचा एक प्रकार आहे. गीतांच्या जगात असाच एक संगम आसामचे गायक भूपेन हजारिका यांनी घडविला. त्यांनी ज्याला अर्घ्य दिले, तो गायक होता अमेरिकेचा पॉल रोबसन.

रोबसन यांचा जन्म १८९८ साली न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथे झाला. त्यांचे वडील तरुणपणी गुलामगिरीतून पळून सुटले होते व पुढे धर्मोपदेशक झाले. रोबसन फुटबॉलमध्ये चमकले, कायद्याचे पदवीधर झाले. परंतु वर्णद्वेषामुळे वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १९२५ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये केवळ कृष्णवर्णीयांची भक्तिगीते व लोकगीते असलेला जलसा केला. गुलामांच्या वस्तीतील गाणे त्यांनी सभागृहात मानाने उभे केले. १९४३ साली ब्रॉडवेवर त्यांनी अथेल्लोची भूमिका केली, तेव्हा त्या नाटकाचे २९६ प्रयोग झाले.

मिसिसिपी नदीवरील ‘ओल्ड मॅन रिव्हर’ हे गीत त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. अनेकांना ते लोकगीत वाटते. वस्तुतः ते १९२७ च्या ‘शो बोट’ या संगीतिकेसाठी ऑस्कर हॅमरस्टाइन व जेरोम कर्न या दोघा गौरवर्णीयांनी रचलेले आहे. मूळ गीतातील हमाल जगण्याला कंटाळलेला आणि मरणाला भ्यालेला आहे. नदी मात्र सारे पाहूनही निर्विकारपणे वाहते. रोबसन यांना ही शरणागती मान्य नव्हती. आपल्या जलशांतून त्यांनी शब्द बदलले आणि त्या हमालाच्या तोंडी अखेरपर्यंत लढण्याचा निश्चय घातला. चाल तीच राहिली. माणूस मात्र ताठ उभा राहिला.

या ताठपणाची किंमत त्यांना द्यावी लागली. १९५० साली अमेरिकन शासनाने त्यांचे पारपत्र काढून घेतले. देशातील सभागृहांची दारेही त्यांना बंद होऊ लागली. १९५७ साली अटलांटिकखालील दूरध्वनीच्या तारेवरून ते लंडनच्या श्रोत्यांसाठी आणि वेल्समधील खाणकामगारांसाठी गायिले. पुढल्या वर्षी त्यांना पारपत्र परत मिळाले.

याच कठीण काळात भूपेन हजारिका न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथे त्यांची रोबसन यांच्याशी भेट झाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी असमिया भाषेत ‘बिस्तीर्ण पारोरे’ हे गीत रचले. हा नुसता अनुवाद असता, तर लुइत म्हणजेच ब्रह्मपुत्रा ही मिसिसिपीची छाया ठरली असती. हजारिकांनी नदीच्या मौनाचे वर्णन केले नाही. त्या मौनाचा तिला जाब विचारला. दोन्ही तीरांवर माणसे आक्रोश करीत असता तू मुकाट्याने वाहतेस तरी कशी, असा तो सवाल आहे. रोबसन यांनी माणसाला बदलले. हजारिकांनी नदीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. पुढे पंडित नरेंद्र शर्मा यांनी हे गीत हिंदीत आणले, तेव्हा प्रश्न गंगेला विचारला गेला. विविध भारतीच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, तेच हे नरेंद्र शर्मा.

मराठी माणसाला ही नाती परकी वाटू नयेत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना. तिकडच्या मुक्तीत त्यांना इकडच्या शूद्रातिशूद्रांची आशा दिसली होती. फुल्यांनीही परक्यांचे नुसते गुणगान केले नाही. त्यांच्या उदाहरणाने आपल्या समाजाला जाब विचारला.

आदरांजलीचे खरे मर्म येथे आहे. थोर कलावंताचे गीत हुबेहूब गाऊन दाखविल्याने त्याचा कंठ आठवतो. पण त्याने विचारलेला प्रश्न आपल्या अंगणातील नदीला विचारल्याने त्याचे कार्य पुढे चालते. रोबसन १९७६ साली गेले, हजारिका २०११ साली. मिसिसिपी, लुइत आणि गंगा मात्र वाहत आहेत, आणि त्यांच्या तीरांवरील माणसांचे दुःख अजून सरलेले नाही. म्हणूनच ते गीत जुने झालेले नाही.