विश्लेषण : गोळ्या ठेवूनही धान्यातले किडे का मरत नाहीत?

गोदामात गव्हाच्या थप्पीवर जाड प्लास्टिकचे आच्छादन टाकून आत धुरीकरणाच्या गोळ्या ठेवल्या जातात. काही दिवसांनी आच्छादन काढल्यावर किडे मेलेले असावेत, ही अपेक्षा. मात्र अनेक देशांत काही किडे आता या वायूला दाद देईनासे झाले आहेत.

फॉस्फिनवरच भिस्त का?

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा हवेतील ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो. तो स्वस्त असून पोत्यांत खोलवर शिरतो. मिथाइल ब्रोमाइड हा जुना पर्याय ओझोन थराला घातक ठरला. मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५, तर विकसनशील देशांत २०१५ पर्यंत त्याचा बहुतांश वापर थांबवण्यात आला. त्यामुळे सारा भार फॉस्फिनवर आला.

प्रतिकारशक्ती कशी वाढते?

आच्छादन फाटके असेल किंवा लवकर काढले, तर वायू पुरेसा वेळ टिकत नाही. दुबळे किडे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९७२-७३ मधील जागतिक पाहणीतच अशा किडी आढळल्या होत्या. दाणे पोखरणारा भुंगेरा आणि पिठातला तांबडा भुंगेरा यांत ती तीव्र स्वरूपात दिसते. पेशींच्या ऊर्जानिर्मितीतील एका विकराच्या जनुकात झालेला बदल त्यामागे असल्याचे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवले.

मग गोळ्या वाढवायच्या का?

नाही. वायूची तीव्रता एकदम वाढली तर किडे गुंगीत जातात आणि वाचू शकतात. अंडी व कोषावस्थेवर तर वायूचा परिणाम आणखी सावकाश होतो. म्हणून मात्रेइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा असतो वेळ. वायू न गळू देता तो पुरेसे दिवस कोंडून ठेवावा लागतो.

उपाय काय?

धुरीकरणापूर्वी गळती तपासणे, गोदामातील सांडलेले जुने धान्य झाडून काढणे, धान्य नीट वाळवून साठवणे आणि हवाबंद पिशव्या वापरणे. हवाबंद पिशवीत प्राणवायू संपत गेल्याने किडे आपोआप मरतात.

घरच्या कोठीत मात्र या गोळ्या कधीही ठेवू नयेत. फॉस्फिन माणसासाठीही प्राणघातक आहे. भारतात त्यांची विक्री सरकारी संस्था व कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरतीच मर्यादित आहे. घरच्या धान्यासाठी कडक ऊन आणि घट्ट झाकणाचा डबा हाच सुरक्षित मार्ग.