सोन्याहून महाग माती

सकाळची वेळ. लेक्चरला उशीर झालाय. तुम्ही पार्किंगमध्ये येता, गाडीत बसता, बटण दाबता. गाडी टोयोटा प्रियस, म्हणजे हायब्रिड. पेट्रोल इंजिनही आहे आणि बॅटरीवर चालणारी मोटरही. त्यामुळे सुरू होताना ती हूं की चूं करत नाही. काही सेकंद सगळं शांत. मग इंजिन जागं होतं आणि पायाखालून असा काही आवाज येतो, की सायलेन्सर काढलेली बुलेट बरी! शेजारपाजारचे खिडकीत येऊन बघायला लागतात. गाडीच्या काचा शाबूत, दारं शाबूत, आतला मोबाइल चार्जरसुद्धा जागेवर. मग बिघडलं काय? ते कळायला गुडघे टेकून गाडीखाली वाकावं लागतं. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये एका ठिकाणी जागाच रिकामी. दोन्ही टोकं करवतीने सरळ कापलेली.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये २०१९ ते २०२२ या काळात हजारो गाडीमालकांची सकाळ अशी उजाडली. त्या रिकाम्या जागी जो डबा असतो, त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तिकडे त्याला नुसतं ‘कॅट’ म्हणतात. म्हणजे ‘माझी कॅट चोरीला गेली’ असं कोणी म्हणालं तर मांजराचा फोटो मागू नका.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोकडे विमा कंपन्यांमार्फत या चोरीच्या दाव्यांची नोंद होते. २०१८ मध्ये असे १,२९८ दावे होते. २०२२ मध्ये ६४,७०१. आणि हे फक्त ज्यांचा विमा होता आणि ज्यांनी दावा केला त्यांचे आकडे. ज्यांनी गुपचूप खिशातून पैसे भरले ते यात नाहीतच, आणि या गोष्टीतले खरे हाल त्यांचेच झालेत.

डब्यात असतं तरी काय?

इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, न जळलेलं इंधन असतं, नायट्रोजनची ऑक्साइड्स असतात. हा धूर बाहेर पडण्याआधी कन्व्हर्टरमधून जातो. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या तीन धातूंचा अगदी पातळ लेप. वीट तापली की या धातूंच्या सान्निध्यात विषारी वायूंचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनमध्ये होतं. अकरावीच्या केमिस्ट्रीत उत्प्रेरक वाचलाय ना, तोच हा. स्वतः खर्च न होता काम करत राहणारा. चोराच्या दृष्टीने हीच तर मजा. पंधरा वर्षं चाललेल्या गाडीतसुद्धा धातू बहुतांशी तिथेच असतात.

अमेरिकेत १९७५ च्या मॉडेल्सपासून हा डबा गाड्यांमध्ये सर्रास आला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्यासाठीच शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आलं, कारण शिशामुळे हा लेप निकामी होतो. म्हणजे डबा जुनाच. मग चाळीसेक वर्षं फारशी नजर न लागलेल्या वस्तूवर अचानक चोरांचा डोळा का गेला?

उत्तर ऱ्होडियममध्ये आहे. हा धातू जगात मुख्यत्वे दक्षिण आफ्रिकेतून येतो आणि तोही प्लॅटिनम काढताना सोबत मिळतो. मागणी वाढली म्हणून नुसत्या ऱ्होडियमची खाण काही उघडता येत नाही. इकडे युरोप, चीन आणि भारतातही प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. आपलं बीएस-६ आलं ते १ एप्रिल २०२० ला. नियम कडक म्हणजे डब्यात धातू जास्त. त्यात २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे खाणी थंडावल्या. २०१६ मध्ये ऱ्होडियमचा एक ट्रॉय औंस, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम, हजार डॉलरच्याही खाली मिळत होता. मार्च २०२१ मध्ये तोच २९ हजार डॉलरच्या आसपास पोचला. त्या वेळी सोनं औंसाला साधारण १,७०० डॉलर होतं. आता करा हिशोब. सोन्याच्या पंधरा पटींहून महाग वस्तू, रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाशी, आणि तिला ना कुलूप ना वॉचमन!

हायब्रिडच का?

हायब्रिड गाडीत इंजिन सतत चालू नसतं. सिग्नलला, गर्दीत, हळू चालताना ते बंद पडतं आणि मोटर काम करते. त्यामुळे डबा कमी झिजतो. शिवाय २००४ ते २००९ या काळातल्या प्रियसच्या डब्यात धातूंचं प्रमाण चांगलंच असल्याने भंगारात तिला वेगळाच भाव. अमेरिकेतल्या विमा क्षेत्राच्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने नेमक्या याच मॉडेल्सचा अभ्यास केला. २०१६ मध्ये विमा असलेल्या हजार गाड्यांमागे चोरीचे दावे वर्षाला दीडच्या आसपास होते. २०२० मध्ये ५८!

कापायला वेळ किती लागतो? एक जॅक, बॅटरीवरची करवत आणि मिनिट-दोन मिनिटं. मॅगी व्हायच्या आत काम खल्लास. साध्या गाडीच्या डब्याचे चोराला ५० ते २५० डॉलर मिळायचे, हायब्रिडचे त्याहून बरेच जास्त.

आता दुसरी बाजू. माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण लॉस एंजेलिसजवळ एमएस करत होती. तिने आणि तिच्या दोन रूममेट्सनी मिळून २००७ ची प्रियस घेतली होती. सेकंड हँड, साडेचार हजार डॉलरला, तिघींचे पार्ट-टाइम नोकरीतले पैसे एकत्र करून. पेट्रोल कमी पितं आणि टोयोटा आहे, बंद पडणार नाही, एवढाच विचार. एका रात्री अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमधून डबा गेला. गॅरेजवाल्याने खर्च सांगितला २,८०० डॉलर. कॅलिफोर्नियात प्रदूषणाचे नियम बाकी अमेरिकेपेक्षा कडक आहेत. राज्याच्या मान्यतेचाच डबा बसवावा लागतो, कुठलाही स्वस्तातला चालत नाही. डबा न बसवता तशीच चालवावी तर तो कायद्याने गुन्हा, आणि तिथल्या स्मॉग चेकमध्ये गाडी नापास ठरलेलीच.

व्हिडीओ कॉलवर ताई मला म्हणाली, ‘अख्खी गाडी गेली असती तर लोक निदान हळहळले तरी असते. गाडी डोळ्यांसमोर उभी होती, त्यामुळे कोणाला काही गेलंय असं वाटेचना.’ पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, एक नंबर मिळाला, संपला विषय. तिघींपैकी एकीचा कॅम्पस जॉब रात्री अकराला सुटायचा आणि तेव्हा बसेस तासातासाने. सहा आठवडे ती तशीच ये-जा करत राहिली, कारण पैसे जमले तरी पार्ट मागवून यायचा होता.

विमा? इथे नीट लक्ष द्या, कारण यंदा तिकडे शिकायला जाणारे तुमच्यातही असतील. अमेरिकेत गाडीचा सर्वांत स्वस्त विमा म्हणजे ‘लायबिलिटी’. आपल्या थर्ड पार्टीसारखाच. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो, तुमच्या गाडीतून काही गेलं तर शून्य. चोरी भरून मिळते ती ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ विम्यात, आणि त्यातही आधीची काही रक्कम आपल्याच खिशातून. जुन्या गाडीवर एवढा महाग विमा कोण घेतं? आणि घेतला तरी गंमत बघा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या फार जवळ गेला, की कंपनी गाडी ‘टोटल’ ठरवते. म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, घ्या थोडे पैसे आणि द्या गाडी भंगारात. इंजिन ठणठणीत, बॅटरी चालू, आणि धूर स्वच्छ करणारा डबा नाही म्हणून कमी धूर सोडणारी गाडीच मोडीत. यावर हसावं की रडावं, तुम्हीच ठरवा.

म्हणून मला ही ‘श्रीमंतांच्या गाड्यांची चोरी’ वाटत नाही. आलिशान गाड्या गॅरेजमध्ये झोपतात. रस्त्यावर झोपते ती विद्यार्थ्यांची, नर्सची, कॅबवाल्याची दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी. लंडनमध्ये खासगी कॅब चालवणाऱ्यांची वर्षानुवर्षं आवडती गाडी म्हणजे हीच प्रियस. तिथे होंडा जॅझ हायब्रिडही चोरांच्या यादीत वर होती. कॅबवाल्याची गाडी गॅरेजमध्ये गेली, की खर्च बाजूलाच राहिला, रोजची कमाईच बंद.

करवतवाल्याच्या मागे कोण?

रात्री करवत घेऊन फिरणारा पोरगा ऱ्होडियमचं करणार काय? त्याच्या स्वयंपाकघरात काही रिफायनरी नाही. त्याला विकत घेणारा लागतो, त्या विकत घेणाऱ्याला मोठा घेणारा, आणि शेवटी वीट फोडून तिचा भुगा धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्याला पोचवणारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने नऊ राज्यांत एकाच वेळी कारवाई केली आणि २१ जणांवर अटकेची किंवा आरोपांची कारवाई झाल्याचं जाहीर केलं. आरोप काय, तर कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमधून एका कुटुंबाने ३ कोटी ८० लाख डॉलरचे चोरीचे डबे न्यू जर्सीतल्या एका ऑटो पार्ट्सवाल्यांना विकले, आणि त्या पार्ट्सवाल्यांनी देशभरातून गोळा केलेल्या डब्यांचा भुगा रिफायनरीला विकून ५४ कोटी ५० लाख डॉलर कमावले. बाकायदा इनव्हॉइस, ट्रक, बँक खाती. हा एखाद्या भुरट्याचा उद्योग म्हणता येईल का?

पोलिसांची मोठी अडचण वेगळीच होती. गाडीच्या सांगाड्यावर नंबर असतो, इंजिनवर असतो, या डब्यावर मात्र तो कुठल्या गाडीचा हे सांगणारं काहीच नसतं. एखाद्याच्या डिकीत वीस डबे सापडले तरी ते चोरीचे आहेत हे सिद्ध कसं करणार? ‘भंगारातून घेतले साहेब,’ म्हटलं की सुटला. म्हणून मग डब्यावर गाडीचा नंबर कोरायच्या मोहिमा सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये खुद्द टोयोटाने पोलिसांच्या साथीने गाड्यांवर अदृश्य खुणा करायला पैसे दिले. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून असा सुटा डबा कोणाकडूनही विकत घ्यायला बंदी घातली. परवानाधारक व्यावसायिक किंवा गाडीचा खरा मालक, यांच्याकडूनच घ्यायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१३ च्या कायद्यापासून भंगाराचे पैसे रोख द्यायलाच मनाई आहे, तरी तिथे चोऱ्या झाल्याच.

२०२३ मध्ये अमेरिकेत दावे कमी झाले. कायद्यांचा आणि धाडींचा वाटा असेलच. पण त्याच वर्षी ऱ्होडियम पाच हजार डॉलरच्या आसपास घसरला होता. माझं मत विचाराल तर चोरांना कायद्यापेक्षा भाव लवकर कळतो.

आणि आपली इको

आपल्या रस्त्यांवर प्रियस शोधूनही सापडायची नाही. पण म्हणून आपण सुटलो असं नाही. ‘सायलेन्सर चोरणारी टोळी जेरबंद’ ही बातमी याच पेपरच्या आतल्या पानावर तुम्ही कधीतरी वाचून हसला असाल. सायलेन्सर कोण चोरतं, असं म्हणून. पुणे जिल्हा, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे, शिवाय गुजरातमध्ये अहमदाबाद, सगळीकडे २०२१ च्या आसपास एकाच गाडीचे सायलेन्सर जात होते. मारुती इको. खालून मोकळी, सायलेन्सर हाताशी, आणि रात्री रस्त्याच्या कडेला हमखास उभी. पोलिसांच्या बातम्यांमध्ये एक शब्द परत परत यायचा, ‘माती’. सायलेन्सर फोडून आतली माती विकली, मातीला किलोमागे अमुक हजार भाव. ती माती म्हणजे तीच, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असलेल्या विटेचा भुगा. सॅक्रामेंटोतली पावडर आणि आपल्याकडची माती, माल एकच.

मालकही तसेच. इको कोण चालवतं? शाळेची पोरं ने-आण करणारे व्हॅनवाले काका, दूध पोचवणारे, केटरिंगवाले, लग्नाच्या सीझनला वऱ्हाड नेणारे. गाडीवर कर्ज, आणि जुनी असेल तर विमा बहुतेक वेळा थर्ड पार्टीचाच.

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर रोज सकाळी इकोतून भाजी आणणारे एक काका आहेत. त्यांच्या भाच्याच्या गाडीचा सायलेन्सर गेल्यावर त्यांनी स्वतःच्या गाडीखाली लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. त्यातून अक्कलहुशारी अशी, की भांड्यांवर नावं घालणाऱ्याला बोलावून सायलेन्सरवर गाडीचा नंबरही कोरून घेतला. अक्षरं थोडी वाकडी आलीत, कारण त्या माणसाने आडवं झोपून पहिल्यांदाच नाव घातलं होतं. त्याने पन्नास रुपये घेतले, आणि एक कोथिंबिरीची जुडी.