रुळांच्या पलीकडचे गंजाड

दिवाळीची सुटी जवळ आली की मराठी घरात तीन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना देव हवा असतो, तरुणांना डोंगर हवा असतो आणि मुलांना वाळू हवी असते. गृहिणीला यातले काहीच नको असते, चार दिवस चुलीपासून सुटका हवी असते. पण तिचे मत विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजायची आहे. तेव्हा तिन्ही पक्षांचा समेट घडवील आणि खिशालाही परवडेल असे ठिकाण कोणते? हा प्रश्न मला दर आश्विनात कोणी ना कोणी विचारतो. मी मराठीचा मास्तर. माझ्याकडे मुले ‘प्रवासवर्णन’ हा वाङ्मयप्रकार शिकायला येतात, त्यामुळे मास्तरांचा प्रवासही दांडगा असणार असा लोकांचा गोड गैरसमज आहे. तो न मोडता मी एकच उत्तर देत आलो आहे: डहाणूला जा.

चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे सव्वाशे किलोमीटर. 2013 पासून तेथवर लोकलगाडी जाते. म्हणजे तिकिटासाठी तीन महिने आधी रांग लावायला नको. मात्र डहाणूच्या फलाटावर उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. या स्थानकाला दोन बाजू आहेत आणि त्या दोन निराळ्या मुलखांकडे नेतात. पश्चिमेला समुद्र, चिकूच्या वाड्या आणि खानावळी. पूर्वेला आशागड, गंजाड आणि त्यामागे थेट सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेली वारल्यांची पाडेवस्ती. सुटीला आलेला माणूस बहुधा पश्चिमेकडे वळतो. पूर्वेकडे जातो तो बाजार आटोपून घरी निघालेला. माझे सांगणे इतकेच की, वाचकहो, एकदा रूळ ओलांडून पाहा. पण पक्षांचा क्रम मोडायला नको, आधी वाळू.

वाळूचा पक्ष

डहाणूपासून नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी असा सतरा-एक किलोमीटरांचा किनारा आहे. काठाला सुरूची झाडे, त्यांतून समुद्राचा वारा शिरला की निघणारा तो एकसुरी आवाज, आणि सपाट, काळसर वाळू. इथला समुद्र ओहोटीला इतका मागे हटतो की नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. आपण समुद्र पाहायला आलो आणि समुद्रच परगावी गेला असे त्याला वाटते. त्यासाठी कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब पाठ करून ठेवावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. डहाणूला ती थोडी पुढे सरकते. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे मध्यान्हीच्या सुमारास भरती आणि तिन्हीसांजेला ओहोटी. दिवाळीत मुलांना किल्ले करायला सर्वांत रुंद वाळू सूर्यास्ताच्या वेळी मिळते, हे पंचांगातच लिहिलेले आहे. आपण फक्त वाचत नाही.

घोलवडचा चिकू प्रसिद्ध आहे. त्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या वाड्यांची कीर्ती पारशी आणि इराणी बागायतदारांच्या नावाने आहे आणि ती रास्तच आहे. पण झाडाखाली क्षणभर थांबून फळे उतरवणारे हात पाहा. ते बहुधा रुळांच्या पलीकडचे असतात.

पुढे बोर्डी आणि तिच्याही पुढे झाई. तिथे गुजरातची हद्द सुरू होते. वाटेवरच्या कोळीवाड्यांतून बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले दिसतील. नाकाला रुमाल लावू नये. ते कोणाच्या तरी घरचे अन्न आहे. नारळी पौर्णिमेला इथे येणाऱ्याला किनाऱ्याचा खरा सण पाहायला मिळतो.

या किनाऱ्यावर आणखी एक छाया आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक आहे असे केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी जाहीर केले आणि 1996 मध्ये त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरणही नेमले. त्याच तालुक्यात वाढवण येथे प्रचंड बंदर बांधण्याला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्याच वर्षी 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. देशाच्या व्यापाराला मोठे बंदर हवे, हा एक पक्ष. आमची मासेमारी बुडते, हा मच्छीमारांचा पक्ष. आपण चार दिवसांचे पाहुणे. पण ज्या घरी पाहुणचार घ्यायचा, त्या घरात कसली चिंता आहे हे पाहुण्याला ठाऊक असावे.

डोंगराचा पक्ष

बोर्डीहून पूर्वेला तोंड केले की आसवलीच्या धरणामागे बारडचा डोंगर उभा दिसतो. त्याच्या माथ्याजवळ बहरोटची लेणी आहेत. डोंगर दीड हजार फुटांच्या आसपास, चढ अंगावर येणारा, आणि पावसाळा सरल्यावर गवत कमरेपर्यंत. पहाटे निघावे, पाणी भरपूर घ्यावे आणि पायथ्याच्या पाड्यावरचा एखादा वाटाड्या सोबत घेऊन त्याची मजुरी आधी ठरवावी. ती ठरवताना घासाघीस करू नये. मुंबईत कपभर कॉफीला आपण काय मोजतो ते त्या क्षणी आठवावे.

या लेण्यांना जी थोरवी आहे ती शिल्पाची नव्हे, आसऱ्याची आहे. इराण सोडून आलेल्या पारशांनी संजाणला आपला पवित्र अग्नी, इराणशाह, स्थापिला होता. संजाण पडले तेव्हा तो अग्नी घेऊन ते या डोंगरात शिरले आणि बारा वर्षे त्यांनी तो इथे तेवत ठेवला, असे पारशी परंपरा सांगते. ‘किस्सा-ए-संजाण’ हे 1599 साली रचलेले फारशी काव्य या परंपरेचा मुख्य आधार. पुढे तो अग्नी बांसद्याला गेला, नवसारीला गेला आणि 1742 पासून उदवाड्याला आहे. बारा वर्षे डोंगरावर अग्नी जपायचा म्हणजे बारा पावसाळे कोरडे सरपण पुरवायचे. त्या चढावर दम लागून बसलात की हा हिशेब करून पाहा. दम आपोआप कमी होतो. पारशी भाविक आजही इथे श्रद्धेने येतात. तेव्हा लेण्यात जोडे घालून शिरू नये आणि गाणी वाजवू नयेत.

याच भागात तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. तिथे पाहायला लेणे नाही, किल्ला नाही. पण 23 मे 1945 रोजी तिथे हजारो वारली एकत्र आले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली ‘लग्नगडी’ म्हणून जन्मभर राबत असे. त्याच्याबरोबर त्याची बायकोही. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 च्या पुस्तकात हा सारा काळ लिहून ठेवला आहे. डोंगराच्या पिशवीत ते पुस्तक असू द्या. वजनाला फार नाही. आणि परतताना कोसबाडच्या टेकडीवर जा. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम 1957 मध्ये या टेकडीवर आले. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच अंगणात आणि गुरांमागे कुरणात न्यावी, हे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी इथे करून दाखवले. आज गावोगावच्या पाटीवर दिसणाऱ्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचे माहेर याच मुलखात आहे.

देवाचा पक्ष

वडीलधाऱ्यांसाठी महामार्गालगत विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. तिचा सुळक्यासारखा डोंगर लांबून ओळखू येतो. देवी मूळची माथ्यावरची. एक गरोदर भक्तीण चढता चढता थकून पडली, तेव्हा तिच्यासाठी देवीच खाली उतरली, अशी कथा सांगतात. भक्ताला वर बोलावणारे देव पुष्कळ. भक्तासाठी डोंगर उतरणारी देवी मला अधिक आवडते. चैत्र पौर्णिमेपासून तिची पंधरा दिवस यात्रा भरते.

पण दिवाळीचा देव पाहायचा असेल तर गंजाडकडे वळायला हवे.

आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते. आश्विन वद्य द्वादशी; आपण गाईवासराला ओवाळतो. त्याच तिथीला या भागातले आदिवासी वाघबारस पाळतात. शिवेवर शेंदूर फासलेला, लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघोबा असतो. त्याच्यासोबत चंद्र-सूर्यही असतात. त्याला नारळ आणि कोंबडा दिला जातो. आमची गुरे, आमची माणसे सांभाळ, असे त्याला सांगितले जाते. वर्गात मी हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, तेव्हा मुले हसतात. एकाच दिवशी आपण गाईला नमस्कार करतो आणि हे वाघाला! पण जरा विचार केला तर हसू मावळते. दोघांनाही गाय वाचवायची आहे. एकाने गाईला हात जोडले. ज्याच्या दाराशी खरोखरच वाघ येत असे, त्याने ज्याला जोडायला हवेत त्याला जोडले. आता इथे पट्टेरी वाघ उरला नाही, बिबळ्या आहे. पण वाघोबाची जागा कोणी रिकामी केलेली नाही.

गंजाड जगाला माहीत झाले ते जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. जन्म 1934 सालचा, तलासरी तालुक्यातला. लहानपणीच ते गंजाडच्या कळंबीपाड्यावर आले आणि अखेरपर्यंत, 2018 पर्यंत, तिथलेच राहिले. त्यांच्या आधी वारली चित्र होते ते लग्नाच्या घरातले. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, मध्ये पालघट देवी, भोवती झाडे, शिडी, फणी, घोडेस्वार, चंद्रसूर्य. आणि धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचे. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सण संपला की चित्राचे काम संपले. जिव्या मशे पुरुष असून चित्र काढू लागले आणि लग्न नसतानाही काढू लागले. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या नजरेला ते पडले. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात सहभाग, 2011 मध्ये पद्मश्री. 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्यांचे चित्र रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीने मांडले गेले. हा लाँग म्हणजे चालणे हीच कला मानणारा माणूस. मैलोगणती चालतो आणि त्या चालण्याची खूण मागे ठेवतो. कळंबीपाड्याच्या वाटांवर आयुष्य काढलेल्या माणसाला याहून शोभेसा सोबती कोठून मिळणार?

आता या गावी अनेक घरांतून चित्रे होतात. घ्यायचे असेल तर ज्या हाताने काढले त्या हाताकडूनच घ्यावे आणि चित्रात काय चालले आहे ते त्यालाच विचारावे. चित्राबरोबर गोष्टही मिळते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. वैशाखातल्या एका दुपारी मी या भागातल्या एका पाड्यावर बसलो असताना शहरातून पंधरा-वीस जणांचा घोळका आला. त्यांना तारपा ऐकायचा होता आणि नाच पाहायचा होता. तासाभरात पुढे निघायचे होते. तारपा म्हणजे दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांचे लांबलचक वाद्य. घरातल्या म्हाताऱ्या वादकाने शांतपणे सांगितले की शेतात भात नाही, तारपा कसला वाजवायचा? मंडळींनी पैसे वाढवले. म्हाताऱ्याने पाणी दिले, बसायला खाट दिली, सावली दिली. तारपा दिला नाही. मंडळी ‘इथे काहीच नाही’ असे म्हणत निघून गेली.

त्याच पाड्यावर पुढे भात तयार झाल्यावर मी गेलो. नवे भात देवाला दाखवून झाले होते. अंधार पडला तसा तोच म्हातारा अंगणात उभा राहिला. त्याच्याभोवती हातात हात गुंफून बायापुरुषांचे वेटोळे सुरू झाले. फिरताना वादकाकडे कोणी पाठ केली नाही. ते आमच्यासाठी नाचत नव्हते. आम्ही नसतो तरीही ते तसेच नाचले असते, आणि त्यातच त्या रात्रीची किंमत होती. कोणीतरी मला हाताला धरून साखळीत ओढले. व्याकरणाच्या मास्तराचे पाय तालात पडेनात, याचे पाड्यावरच्या पोरांना फार सुख झाले.

म्हणून माझी विनंती इतकीच की, आपल्या सुटीचे वेळापत्रक घेऊन गंजाडला जाऊ नका. गंजाडचे पंचांग पाहून सुटी काढा. पावसाळा सरल्यावर डोंगर, भात पिकल्यावर तारपा, वाघबारसेला वाघोबा, चैत्रात महालक्ष्मी, श्रावणात नारळी पौर्णिमा. फोटो काढण्यापूर्वी विचारा. नाही म्हटले तर यंत्र खिशात ठेवा. रात्री राहायचे असेल तर कोणाच्या तरी ओळखीने, आधी कळवून जा. फराळाचा डबा न्या, पण तो वाटण्यासाठी न्या, आणि बदल्यात जे समोर येईल, भाकर असो की नव्या तांदळाची पेज असो, ते पानात न टाकता खा.

तिन्ही पक्षांचा समेट होतो का, असे विचाराल, तर होतो. वाळूच्या पक्षाचा बोर्डीला, डोंगराच्या पक्षाचा बारडवर. देवाच्या पक्षाने मात्र द्वादशीला सकाळी घरच्या गाईला ओवाळावे आणि दुपारची गाडी पकडावी. डहाणूला उतरल्यावर पूर्वेकडचा जिना.