चढणीसाठी रोड सायकलीची गिअररचना

चढणीसाठी गिअररचना बदलणे म्हणजे रोड सायकलीच्या पुढील किंवा मागील दंतचक्रांच्या दात्यांची संख्या बदलून तिचा सर्वांत हलका गिअर आणखी हलका करणे होय. रोड सायकलींचे गिअर दीर्घकाळ व्यावसायिक शर्यतपटूंच्या ताकदीच्या हिशेबाने ठरत आले. त्यामुळे तीच सायकल घेऊन घाटात शिरलेल्या सामान्य सायकलस्वाराला ते बहुधा जड पडतात. त्याला उभे राहून रेटावे लागते, गुडघ्यांवर ताण येतो आणि पुष्कळदा उतरून सायकल ढकलावी लागते.

तत्त्व

पुढील चक्राच्या म्हणजे चेनरिंगच्या दात्यांना मागील चक्राच्या दात्यांनी भागले असता गिअर गुणोत्तर मिळते. पेडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरेल, हे त्यावरून कळते. नेहमीच्या ७०० सी चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. म्हणून पुढे ३९ व मागे २५ दाते असल्यास गुणोत्तर १.५६ येते आणि एका फेरीत सायकल सुमारे ३.२८ मीटर पुढे जाते.

फ्रान्समधील आल्प दुएझ हा घाट १३.८ किमी लांबीचा असून त्याचा सरासरी चढ सुमारे ८ टक्के आहे. स्वार व सायकल मिळून ८५ किलो वजन असेल आणि स्वार २०० वॉट शक्ती सातत्याने देऊ शकत असेल, तर अशा चढावर त्याचा वेग ताशी १० किमीच्या आसपास राहतो. या वेगाला ३९/२५ या गिअरमध्ये पेडलच्या मिनिटाला ५१ फेऱ्या होतात, ३४/२८ मध्ये ६५ आणि ३४/३४ मध्ये ७९. सपाट रस्त्यावर अनेक सायकलपटू ८० ते ९० फेऱ्या राखतात, हे लक्षात घेतले की फरकाचे महत्त्व कळते. हलक्या गिअरमुळे घाट चढण्याचे एकूण काम कमी होत नाही. तेच काम अधिक फेऱ्यांमध्ये विभागले जाते आणि प्रत्येक फेरीत पायाला लावावे लागणारे बल घटते. ‘हलका गिअर म्हणजे वेगाने चढणे’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

इतिहास

फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही यांनी ‘ल सिक्लिस्त’ या नियतकालिकातून डोंगराळ प्रवासासाठी एकापेक्षा अधिक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार केला. ‘व्हेलोसिओ’ हे त्यांचे टोपणनाव. तूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा मात्र गिअरबदलाला विरोध होता. या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. त्यापूर्वी स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढत आणि उलटे बसवत. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत.

बदलाचे प्रकार

सर्वांत सोपा व स्वस्त उपाय म्हणजे मागची कॅसेट बदलणे. ११–२५ ऐवजी ११–३२ कॅसेट बसवल्यास सर्वांत हलका गिअर सुमारे २२ टक्क्यांनी हलका होतो. याउलट पुढील ३९ दात्यांचे चक्र काढून ३४ चे घेतल्यास फरक सुमारे १३ टक्केच पडतो आणि खर्च अधिक येतो. कारण ५३/३९ क्रँकवर चेनरिंगच्या बोल्टांचे वर्तुळ बहुधा १३० मिमी व्यासाचे असते. त्यावर ३४ दात्यांचे चक्र बसूच शकत नाही. त्यासाठी ११० मिमी वर्तुळाचा, ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून ओळखला जाणारा ५०/३४ क्रँक घ्यावा लागतो. पुढचा डिरेलरही मग थोडा खाली सरकवावा लागतो.

कॉम्पॅक्टमुळे उतारावरचा वेग हातचा जातो, अशी तक्रार ऐकू येते. प्रत्यक्षात ५०/११ हे गुणोत्तर ५३/१२ पेक्षा जड आहे. मिनिटाला ९० फेऱ्यांनी त्यात ताशी सुमारे ५१ किमी वेग मिळतो.

सुसंगती

मोठी कॅसेट घेण्यापूर्वी मागच्या डिरेलरच्या दोन मर्यादा पाहाव्या लागतात. पहिली, त्याला पेलणारे सर्वांत मोठे चक्र. दुसरी, एकूण क्षमता: पुढील दोन चक्रांतील दात्यांचा फरक अधिक कॅसेटच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रांतील फरक. ५०/३४ क्रँक व ११–३४ कॅसेट यांसाठी ती १६ अधिक २३, म्हणजे ३९ असावी लागते. शिमानोच्या १०५ आर७००० श्रेणीतील आखूड डिरेलरची क्षमता ३५ व कमाल चक्र ३० दात्यांचे आहे. लांब डिरेलरसाठी हे आकडे ३९ व ३४ आहेत. पहिल्यावर ही कॅसेट चढवणे म्हणूनच योग्य नव्हे.

साखळीची लांबी ही सर्वाधिक दुर्लक्षित बाब आहे. कॅसेट मोठी केली आणि साखळी जुन्याच मापाची ठेवली, तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चक्रावर गिअर पडताच ती ताणली जाते आणि डिरेलर मोडू शकतो. थकलेला स्वार घाटात नेमकी हीच चूक करतो. यासाठी साखळी डिरेलरमधून न ओवता दोन्ही मोठ्या चक्रांवरून घेऊन मोजतात व त्यात साधारण दोन कड्या वाढवतात. झिजलेली साखळी नव्या कॅसेटवर घसरते, तेव्हा ती बदललेलीच बरी.

माउंटन बाईकचा डिरेलर वापरणे हा जुना उपाय शिमानोच्या ९ गतींपर्यंतच्या संचांत सहसा चालतो. १० गतींच्या संचांपासून केबल ओढण्याचे प्रमाण वेगळे झाल्याने तो रोडच्या लिव्हरशी जुळत नाही.

मर्यादा

रुंद कॅसेटमध्ये लगतच्या गिअरांमधील अंतर वाढते. अकरा गतींच्या ११–२५ कॅसेटमध्ये ११ ते १७ पर्यंत प्रत्येक संख्येचे चक्र असते; ११–३४ मध्ये ११, १३, १५, १७ अशा उड्या असतात. सपाटीवर समूहाने एका लयीत चालवणाऱ्यांना हे जाणवते, एकट्याने घाट चढणाऱ्याला फारसे नाही. पुढे तीन चक्रे असलेल्या ५०/३९/३० क्रँकमध्ये ही अडचण कमी होती, पण वजन व जुळवणीच्या कटकटीमुळे तो रोड सायकलींवरून जवळपास नाहीसा झाला. खडबडीत रस्त्यांच्या ग्रॅव्हल सायकलींसाठी निघालेला ४६/३० क्रँक आता काही प्रमाणात त्याची जागा भरून काढतो.