सॅक पाठीच्या मापाची

पायी नर्मदा परिक्रमेला निघायचं ठरलं की आपण आधी सॅक घ्यायला धावतो. खरं तर ती सगळ्यात शेवटी घ्यावी. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही तीर चालायचे, म्हणजे अडीच हजारांच्या वरच जाणार. इतके दिवस जे पाठीवर राहणार, त्याचं माप आधी घ्यायला नको?

पहिलं काम घरातलं. जमिनीवर चादर पसरा आणि न्यायचं सगळं तिच्यावर मांडा: कपड्यांचे दोन जोड, पातळ स्लीपिंग बॅग, मॅट, औषधं, टॉर्च, ताट-वाटी. वाटेत आश्रमांत मुक्काम आणि जेवणाची सोय होते, त्यामुळे तंबू नको. हे सगळं वजनकाट्यावर ठेवा. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. दहाव्या हिश्श्यात बसलं तर उत्तमच. एवढ्या सामानाला ३५ ते ४५ लिटरची सॅक पुरते. साठ लिटरची घेतलीत तर उरलेली जागा रिकामी राहत नाही, आपणच ती भरतो.

आता पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवा. मानेच्या त्या हाडापासून अंगठ्यांच्या रेषेपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या. हीच पाठीची लांबी. सारख्या उंचीच्या दोघांची ती वेगळी असू शकते, म्हणून मित्राला बसलेली सॅक तुम्हाला बसेलच असं नाही.

दुकानात रिकामी सॅक घालून बघण्यात अर्थ नाही. सात-आठ किलो वजन भरायला सांगा आणि सगळे पट्टे सैल करा. आधी कमरपट्टा: त्याची गादी कमरेच्या हाडावर बसली पाहिजे, पोटावर नव्हे. मग सॅक पाठीला लागेपर्यंत खांद्याचे पट्टे ओढा. खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे थोडे ताणा. म्हणजे सॅक मागे लोंबत नाही. छातीचा पट्टा शेवटी. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघा. सहज गेली तर ओझं कमरेवर आलं. अडकली तर पाठीचं माप चुकलं. तशीच सॅक घेऊन पंधरा मिनिटं जिने चढा-उतरा. तिथे जे टोचतं, त्याचे दहाव्या दिवशी फोड होतात.

पाऊस-पाण्यासाठी वरचं कव्हर पुरत नाही. पाठीकडची बाजू उघडीच राहते. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला. नर्मदेच्या मुखाजवळ होडीतून उत्तर तीरावर जाताना पाणी उडतं, तेव्हा तीच कपडे कोरडे ठेवते.

घरी येऊन चादरीवरचं सामान भरा. जड वस्तू पाठीलगत, मधोमध. स्लीपिंग बॅग तळाशी. चेन लावताना सॅकवर गुडघा टेकावा लागला, तर मोठी सॅक आणायला निघू नका. सामान पुन्हा चादरीवर मांडा.